मुंबई हायनं दिलेली मुदत

एक रुपयाची नोट हल्ली बाजारात जवळपास दिसत नाही. एखादी हाती लागली तर उलटी करून बघा. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा छापलेला आहे. तो ‘सागर सम्राट’. देवळं, वाघ-हत्ती, धरणं, ट्रॅक्टर अशी चित्रं आपल्या नोटांवर येऊन गेली. त्यांत तेलाची विहीर खोदणाऱ्या एका रिगला जागा मिळाली, याचं कारण १९७३-७४ च्या त्या वर्षात आहे.

महाराष्ट्र तेव्हा बहात्तरच्या दुष्काळातून नुकता कुठे बाहेर पडत होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि पिंपामागे ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडे स्वतःचं तेल म्हणजे आसाम आणि गुजरातमधलं अंकलेश्वर वगैरे. बाकी सगळं बाहेरून. अशा वेळी हिरोशिमाच्या गोदीत बांधलेल्या या रिगनं फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, समुद्राच्या तळाखाली तेल शोधून काढलं. तेच मुंबई हाय हे तेलक्षेत्र. २१ मे १९७६ ला प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. त्याआधी सोव्हिएत आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी खंभातच्या आखातात केलेलं सर्वेक्षण, त्या नकाशांवर घालवलेली वर्षं, हे सगळं त्यामागे होतं.

मी उरणचा. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तेल-वायू प्रकल्पाची ज्योत रात्री आमच्या गच्चीवरून दिसायची, अजूनही दिसते. लहानपणी ढगाळ रात्री अख्खं आभाळ तांबूस व्हायचं. मुंबई हायचं तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइननं आमच्याकडे येतो. तिथून पुढे थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, उरणचं वायूवर चालणारं वीज केंद्र, घराघरांतले लाल सिलिंडर. रायगड जिल्ह्याचा निम्मा चेहरामोहरा या एका शोधानं बदलला म्हटलं तरी चालेल.

माझे बाबा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर फिटर होते. १४ दिवस तिकडे, १४ दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचे. प्लॅटफॉर्मवर टर्बाइनची घरघर रात्रंदिवस चालू असते. त्या आवाजाची कानाला इतकी सवय झालेली की घरी आले की पहिल्या दोन-तीन रात्री त्यांना शांततेत झोपच लागायची नाही. ऐन थंडीत पंखा फुल्ल लावून झोपायचे आणि आम्ही पोरं गोधड्यांत कुडकुडायचो. आई काही बोलायची नाही. पावसाळ्यात ते बाहेर असले की रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकल्याशिवाय ती चूल पेटवायची नाही.

त्या काळात मुंबई हायचा दरारा केवढा होता, हे आज सांगून पटत नाही. १९८४-८५ साली देशात सुमारे २९ दशलक्ष टन कच्चं तेल निघालं आणि आपली गरज होती ३९ दशलक्ष टनांच्या आतबाहेर. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश तेल घरचं. मार्च १९८५ मध्ये एकट्या मुंबई हायमधून दिवसाला ४ लाख ७१ हजार पिंपं तेल निघत होतं. तो त्या क्षेत्राचा कळस. तिथून उतार लागला.

आता दुसरा आकडा बघा. २०२३-२४ साली देशात निघालेलं कच्चं तेल पुन्हा २९ दशलक्ष टनांच्याच आसपास आहे. चार दशकांत तिथंच. गरज मात्र २३३ दशलक्ष टनांवर गेली. शंभरातलं पंच्याऐंशीहून अधिक तेल आपण आयात करतो. ‘तेल संपणार, तेल संपणार’ असं शाळेत असल्यापासून ऐकत आलोय आणि पंप काही बंद पडले नाहीत, म्हणून लोकांना ही सगळी भीती खोटी वाटते. पण तेल संपतं ते असं एका दिवशी नळ कोरडा पडावा तसं संपत नाही. ते काढणं कठीण होत जातं, महाग होत जातं, आणि आपली गरज त्याला मागे टाकून पुढे निघून जाते. उरणमध्ये राहणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

बाबांच्या बोलण्यातून ते कळायचं. सुरुवातीला ते नव्या विहिरींबद्दल बोलायचे. पुढे पुढे गंजलेल्या पाइपांबद्दल, पंपांबद्दल आणि पाण्याबद्दल. जमिनीखाली तेलाचं तळं वगैरे नसतं. मुंबई हायमध्ये ते चुनखडीच्या खडकातल्या बारीक छिद्रांत मुरलेलं आहे. सुरुवातीला आतल्या दाबानं आपसूक वर येतं. दाब उतरला की बाजूच्या विहिरींतून समुद्राचं पाणी आत ढकलून तेलाला वर रेटावं लागतं, वायू सोडून ते हलकं करावं लागतं. मग वर्षागणिक वर येणाऱ्या द्रवात पाण्याचा वाटा वाढत जातो. ते पाणी वेगळं करायचं, शुद्ध करायचं, पुन्हा आत सोडायचं. पिळून झालेल्या कपड्यातून उरलंसुरलं पाणी काढायला जास्त जोर लागतो, तसं. आणि एवढं करूनही अशा क्षेत्रातलं साधारण एक तृतीयांश तेलच बाहेर येतं. बाकीचं खडकातच राहतं. ऐंशीच्या दशकात गरजेपोटी उपसा फार जोरात केला गेला, खडकाला जरा उसंत द्यायला हवी होती, अशी टीका तेव्हाही झाली. मला ती टीका पटते, आणि तेव्हा निर्णय घेणाऱ्यांची घाईसुद्धा समजते. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला घरचं तेल दिसल्यावर हात आखडता घेणं सोपं नसतं.

त्याची किंमत लगेचच मोजावी लागली. १९८९-९० साली देशातलं उत्पादन ३४ दशलक्ष टनांवर पोचलं होतं. १९९२-९३ पर्यंत ते २७ वर घसरलं. नेमकं त्याच मधल्या काळात इराकनं कुवेत गिळलं, तेलाचे भाव भडकले आणि १९९१ मध्ये देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. त्या संकटाची कारणं अनेक होती. पण घरच्या विहिरींनी हात टेकले आणि बाहेरच्या बाजारानं गळा धरला, हे दोन्ही एकदम घडलं ही गोष्ट आपल्या आर्थिक इतिहासाच्या चर्चेत जितकी यायला हवी तितकी येत नाही.

माणसांनी मोजलेली किंमत वेगळीच. २६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबईतला प्रलय आठवतो. आमच्या भागातल्या अनेक घरांना २७ जुलै आठवते. हवामानामुळे हेलिकॉप्टरं उडत नव्हती. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली होती. त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर उतरवायचं ठरलं. लाटांत जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायूची नळी फुटली आणि आग लागली. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. ३५० हून अधिक माणसं वाचली, २२ गेली. बाबा त्या आठवड्यात घरी होते. फोन बंद, रस्ते पाण्याखाली. ते नुसते येरझाऱ्या घालत नावं आठवत होते. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यातली सत्तरहून जास्त परत आली नाहीत. बहुतेक कंत्राटी कामगार: वेल्डर, फिटर, रंगारी. जुने प्लॅटफॉर्म उभे ठेवायला अशी माणसं लागतात, आणि क्षेत्र जितकं जुनं तितकी डागडुजी जास्त. लिटरच्या भावात हे कुठे दिसत नाही.

२०२४ मध्ये मुंबई हायमधून दिवसाला १ लाख ३४ हजार पिंपांच्या आसपास तेल निघत होतं. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं तांत्रिक मदतीसाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची निवड जाहीर केली. दहा वर्षांत तेल आणि वायूचं उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असं बीपीचं म्हणणं आहे. वाढावं, मनापासून वाढावं असं वाटतं. आमच्या तालुक्याचं पोट त्यावर आहे. पण कागदावर साधा हिशेब मांडला तर एवढं वाढूनही ते तेल देशाच्या गरजेच्या विसाव्या हिश्शाइतकंही होत नाही.

म्हणून मला वाटतं, मुंबई हायनं आपल्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तेल नव्हतीच. तिनं मुदत दिली. सत्तरच्या दशकात जगानं मानगूट पकडली होती ती थोडी सैल झाली आणि आपल्याला चार-पाच दशकं मिळाली. या मुदतीत आपण काय केलं, हे तपासायची वेळ आता आहे.

काही ठिकाणी खरंच चांगलं काम झालं. रेल्वे हे त्याचं ठळक उदाहरण. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला धावली. पण कोकण रेल्वे आली ती नव्वदच्या दशकात, आणि आली तीच डिझेलवर. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गणपतीला गावी जाताना बोगदा आला की खिडक्या खाली ओढायची एकच धांदल उडायची, तरी डब्यात धूर भरायचाच. म्हाताऱ्यांचा खोकला आणि तान्ह्या पोरांची रड बोगदा संपेपर्यंत चालायची. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या सगळ्या ७४१ किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. आता त्या बोगद्यात खिडकी उघडी ठेवून बसता येतं. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या उरणलाही लोकल आली. ज्या गावात देशाचं तेल उतरतं तिथं विजेची गाडी यायला एवढी वर्षं लागली, पण आली, आणि रोज पहाटे ती भरून जाते.

दुसरं उदाहरण आमच्या अगदी समोरचं. घारापुरी. लेणी बघायला जगभरातून माणसं येतात ते बेट. तिथली राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं विजेविना होती. संध्याकाळी डिझेलचा जनरेटर लागायचा, तीनेक तास. त्या तीन तासांत पोरांचा अभ्यास, गिरणी, टीव्ही, मोबाइलचं चार्जिंग, सगळं उरकायचं. जनरेटर बिघडला किंवा डिझेल आलं नाही की काळोख. शेजारीच जवाहर द्वीप आहे, ज्याला जुनी माणसं बुचर आयलंड म्हणतात. परदेशातून आलेलं कच्चं तेल तिथं उतरतं आणि माहुलच्या रिफायनऱ्यांना जातं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि ती आग काही दिवस धुमसत होती. घारापुरीच्या धक्क्यावरून तो धूर स्पष्ट दिसायचा. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर चोवीस तास वीज आली. पुढच्याच उन्हाळ्यात मी तिथं गेलो होतो. शेतबंदरातल्या एका घरी मावशींनी फ्रिजमधलं ताक दिलं. फ्रिज कोपऱ्यात होता, त्याच्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर देवीचा फोटो. दिवसभर चालू राहतो म्हणून मासे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात, त्यामुळे पडेल भावाला विकून टाकावे लागत नाहीत, असं त्या सांगत होत्या.

आता त्या केबलमधून येणारी वीज कुठून येते? बरीचशी कोळशातून. हे लपवून काही उपयोग नाही. २०२५ मध्ये देशातल्या वीज प्रकल्पांच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूखेरीज इतर स्रोतांची झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्षात तयार होणारी वीज वेगळी. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात भरभरून वाहतो आणि नंतर मंदावतो. रात्रीचा भार अजून कोळसाच उचलतो. तरीही घारापुरीच्या त्या केबलचा फायदा असा, की तारेच्या दुसऱ्या टोकाला उद्या सौर वीज जोडली तर मावशींच्या घरात काहीही बदलावं लागत नाही. डिझेल जनरेटरचं तसं नव्हतं. एकदा यंत्र विजेवर आलं की पुढचे बदल माणसाच्या दारापर्यंत न येता होऊ शकतात.

इथंच बऱ्याच चर्चा वाट चुकतात. सौर पॅनेल वाढले म्हणजे तेलाची आयात घटेल, असं सर्रास बोललं जातं. आपण वीज तेलापासून जवळपास बनवतच नाही. त्यामुळे सौर प्रकल्पानं कोळसा वाचतो, तेल नाही. तेल वाचवायचं तर आधी ते जाळणारं यंत्र बदलायला हवं: ट्रक, बस, ट्रॅक्टर, होडी. देशात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत एकटं डिझेल ९० दशलक्ष टनांच्या आसपास आहे. शहरातली स्कूटर बदलणं त्यामानानं सोपं आहे, आणि ती बदलतेही आहे. डिझेल जाळणारा माणूस बहुतेकदा शहराबाहेरचा, कर्ज काढून यंत्र घेतलेला, आणि त्याला एका वर्षाच्या चुकीचीही चैन परवडत नाही.

इथेनॉलबद्दल थोडक्यात. उसाच्या पट्ट्यात त्यानं कारखान्यांना आधार दिला, २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पाही गाठला गेला. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडल्यावर उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्रानंच बंदी आणली होती, पुढे ती शिथिल केली. पावसावर अवलंबून असलेलं इंधन दुष्काळी महाराष्ट्रानं किती पिकवायचं, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. शिवाय ते पेट्रोलमध्ये जातं; डिझेलचा प्रश्न जिथल्या तिथं.

जमिनीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण उरणच्या माणसाला जमिनीचा विषय टाळता येत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. जासईच्या त्या स्मारकावर आजही दरवर्षी माणसं जमतात. आमच्या मिठागरांच्या, भातशेतीच्या जागी बंदर आलं, गोदामं आली, कंटेनर आले. नवी ऊर्जा आली म्हणून जमीन लागणं थांबत नाही; सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे चार-पाच एकर लागतातच. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली एक तरतूद मला महत्त्वाची वाटते. तिथं शेतकऱ्याची पडीक जमीन विकत न घेता भाड्यानं घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा त्याच्याच नावावर राहतो. चौऱ्याऐंशी साली आमच्या आज्यांना असा पर्याय कुणी दिला असता तर?

आणि आता करंजा.

माझा आतेभाऊ उरणजवळच्या करंजा बंदरातला मच्छीमार. त्याची नौका दहा-बारा दिवसांच्या फेरीला निघते तेव्हा दोन-तीन हजार लिटर डिझेल भरते, वर काही टन बर्फ. फेरीच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा डिझेलचा. राज्य सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमारांच्या सोसायटीमार्फत देतं, पण तो कधी हातात पडेल याचा भरवसा नसतो. मासळी किनाऱ्याजवळ कमी झाली म्हणून नौका लांब जातात, लांब जायचं म्हणून डिझेल जास्त लागतं, डिझेलचा खर्च भरून काढायचा म्हणून जास्त दिवस समुद्रात राहतात. त्याच्या आजोबांच्या होडीला शीड होतं.

बाबा आणि तो, एकाच घरातली माणसं, पण तेलाच्या दोन टोकांना उभी. प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासळी जमते. पण सुरक्षेसाठी सभोवती ५०० मीटरच्या आत होड्यांना मनाई. नव्या तेलाच्या शोधासाठी, समुद्रात ध्वनिलहरी सोडून, भूकंपीय सर्वेक्षण सुरू झालं की ऐन हंगामात समुद्राचा मोठा पट्टा मच्छीमारांना बंद होतो. लग्नकार्यात दोघं शेजारी बसले की यावरून वादावादी ठरलेली. बाबा म्हणायचे, आम्ही तेल काढलं नाही तर तुझी होडी कशावर चालणार? तो म्हणायचा, तुम्ही मला समुद्रात जाऊ दिलं नाहीत तर मी ते डिझेल घेऊन काय करू? बाबा आता नाहीत. तो प्रश्न तसाच आहे.

त्यानं मला एकदा सरळ विचारलं, माझी होडी बॅटरीवर चालेल का? मी त्याच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. २,००० लिटर म्हणजे २०,००० युनिट. इंजिनात यातलं साधारण एक तृतीयांशच पंख्याला लागू पडतं. बाकी उष्णता म्हणून जातं. म्हणजे खऱ्या कामाचे ७,००० युनिट. आजच्या बॅटऱ्यांत एवढी वीज साठवायची तर बॅटऱ्यांचंच वजन ४० टनांच्या आसपास जाईल. मासळी आणि बर्फ कुठे ठेवायचा? त्यानं वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, मग आमचा नंबर शेवटी.

मला हेच वाक्य सलतं. तेल आटत जातं तेव्हा ज्याला सहज बाजूला होता येतं तो आधी होतो. त्याला अनुदानही मिळतं, कौतुकही होतं. ज्याला होता येत नाही तो मागे उरतो आणि वाढत्या भावाचा सगळा भार त्याच्या डोक्यावर येतो. शहरातल्या चारचाकीला सवलत देणाऱ्या धोरणात करंजाची नौका कुठे आहे, ससून डॉकची कुठे आहे, हे मी शोधतो तेव्हा फारसं काही हाती लागत नाही.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि त्याला नवा शोध लागायची वाट बघावी लागत नाही. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट रोज खाडी पार करते. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला येणाऱ्या लाँचेस मी लहानपणापासून डिझेलच्याच बघत आलोय; ठरलेलं अंतर, ठरलेल्या वेळा, दोन्ही टोकांना धक्का. तिथं बॅटरी चालणार नाही असं म्हणायला कारण नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या होड्यांनाही ती झेपेल. मोठ्या नौकांचं डिझेल लगेच सुटणार नाही, पण कमी होऊ शकतं. पाण्यात वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या कितीतरी पट वाढते, म्हणून वेग थोडासा उतरवला तरी डिझेल बरंच वाचतं. आणि बर्फ! नौकेवर चढणारा प्रत्येक टन बर्फ किनाऱ्यावर विजेनं बनतो. बर्फाच्या कारखान्याचं छप्पर, शीतगृहाचं छप्पर, लिलावाच्या शेडचं छप्पर, ही सगळी मार्च-एप्रिलच्या उन्हात नुसती तापत पडलेली असतात. तिथं पॅनेल बसले तर बर्फाचा भाव उतरेल आणि तो फायदा थेट फेरीच्या हिशेबात दिसेल.

गेल्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, आतेभावाची नौका किनाऱ्यावर ओढलेली असताना जुन्या इंजिनानं दम तोडला. दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं मेकॅनिकनं सांगितलं. बंदी उठायच्या आत नवं बसवणं भाग होतं. तो चार ठिकाणी फिरला, वेगळ्या इंधनाची चौकशी केली. कर्ज आणि सुटे भाग, दोन्ही डिझेलच्याच इंजिनाला मिळत होते. तेच घेतलं, पण आधीपेक्षा कमी अश्वशक्तीचं. तांडेल, म्हणजे नौकेचा कप्तान, नाराज झाला, इतर नौका पुढे निघून जातील म्हणाला. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर डिझेलची बिलं समोर ठेवल्यावर त्याचा सूर जरा बदलला.

कर्ज सात वर्षांचं आहे आणि इंजिन नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं चालेल. तोवर मुंबई हायमधून किती तेल येत असेल आणि डिझेल काय भावानं मिळेल, हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही. सोसायटीच्या येत्या सभेत आम्ही दोघं बर्फाच्या कारखान्याच्या छपराचा विषय मांडणार आहोत. छपराची मापं त्यानं घेऊन ठेवली आहेत, विजेची गेल्या वर्षाची बिलं मी गोळा करतोय.